भरमू खोताच्या नावाचे नळ

मी हेडमास्तर आहे हे मला कोणाला सांगावं लागत नाही. बोलायला तोंड उघडलं की समोरच्याला ते आपोआप कळतं. भाजी घेतानासुद्धा मी भाजीवालीला 'समजलं का?' असं विचारतो, असं माझी बायको विद्युल्लता म्हणते. ती वकिलाची मुलगी आहे, त्यामुळे तिचं म्हणणं खोडायच्या भानगडीत मी पडत नाही.

आम्ही राहतो निपाणीत आणि माझी शाळा सदलग्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात आहे. सरकार कर्नाटकाचं, शाळा मराठी. कोरोनाची दुसरी लाट ओसरली आणि गणपतीच्या तोंडावर वरून सुत्तोले आली. कानडीत परिपत्रकाला सुत्तोले म्हणतात, आणि आमच्या मराठी शाळांची सगळी सुखदुःखं सुत्तोलेतूनच येतात. सहावीपासूनचे वर्ग सुरू करा, पण सुरक्षितपणे करा, असा तिचा मथितार्थ होता. नदीपलीकडं महाराष्ट्रात त्याच वर्गांतली मुलं अजून घरी बसून होती. आमच्या गावातली निम्मी सोयरीक पलीकडची, त्यामुळे "सर, त्या किड्याला हद्द कळती व्हय?" असं मला येता-जाता ऐकावं लागे. मी म्हणायचो, "त्याला नाही कळत, पण मला कळते. माझा पगार अलीकडून येतो."

'सुरक्षितपणे' हा शब्द लिहायला सोपा आहे. त्याच्या खाली मग बारीक अक्षरात बाकीचं होतं: एका बाकावर एकच मूल, फाटकात ताप बघायचं यंत्र, वर्गात फवारणी, आणि सगळ्यांना हात धुता येतील इतके नळ. आमच्या शाळेत नळ म्हणजे एक होता आणि तोही ठिबकायचा. अनुदान म्हणून जे आलं त्यात साबण आला असता, साबण ठेवायला जागा आली नसती.

दुसरा कोणी हेडमास्तर असता तर त्यानं वर कळवलं असतं की पैसे पुरत नाहीत, आणि गप्प बसला असता. पण मी कल्पक आहे. हे मी स्वतःच ठरवलेलं आहे.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात बरीच माणसं गेली. कोणाचंही दिवसकार्य धड झालं नव्हतं, कारण माणसं जमवायला बंदी होती. आमच्याकडे गेलेल्याच्या नावानं गावाला जेवण घातलं नाही की घरच्यांना चैन पडत नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, "आमच्या अण्णाचं जेवान राहिलं बघा." हे ऐकून दुसऱ्याला वाईट वाटलं असतं. मलाही वाटलं, पण वाटता वाटता डोक्यात आलं की जेवण राहिलं म्हणजे जेवणाचे पैसेही राहिलेत.

शाळेला काही दिलं की त्यावर नाव घालायची रीत आमच्या भागात जुनीच आहे. आमच्या वर्गातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा 'स्मरणार्थ' लिहिलेलं आहे. पंखा चालू असला की ते वाचता येत नाही आणि बंद असला की उकाड्यानं वाचवत नाही. तेव्हा मी ठरवलं, जेवणाऐवजी शाळेला द्या, नाव घालतो.

"म्हणजे तुम्ही मयताच्या घरी जाऊन बाकं मागणार?" विद्युल्लतानं विचारलं.

"मागणार नाही. सुचवणार."

"बरं. तोंडाला मास्क आहे म्हणून बरंय," ती म्हणाली.

मी गावात फिरलो आणि सांगायला आनंद वाटतो, म्हणजे तेव्हा वाटला होता, की एकही घर नाही म्हणालं नाही. शाळेच्या समितीचे अध्यक्ष शामूअण्णा यांनी त्यांच्या आईच्या, अक्काताईंच्या नावानं ताप बघायची बंदूक दिली. अक्काताई जिवंत असताना रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही पोराला थांबवून कपाळाला हात लावायच्या आणि "कोमट लागतंय, घरला जा," म्हणायच्या. त्यामुळे वस्तू आणि नाव यांचा मेळ मी कसा बसवला याचं मला फार कौतुक होतं. कोणी बाकं दिली, कोणी फवारणीचा पंप. नळ तेवढे राहिले होते.

नळांसाठी मी मंगलकडे गेलो. तिचा नवरा भरमू खोत. थोडी शेती आणि एक टेम्पो, असा त्याचा संसार होता. गावची भाजी भरून तो निपाणीच्या बाजारात नेई आणि जाता जाता मुलगी श्रियाला शाळेच्या फाटकात सोडी. मे महिन्यात त्याला बेळगावला दवाखान्यात नेलं ते नेलंच. तिकडंच सगळं उरकलं. मंगलला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आता ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जात होती.

मी गेलो तेव्हा ती नुकतीच वखारीतून आली होती. तिच्या अंगाला तंबाखूचा उग्र खाट सुटला होता, आणि मास्कातूनही मला शिंक आली. त्या दिवसांत शिंक म्हणजे मोठाच गुन्हा होता. मी "तंबाखूनं, तंबाखूनं" असं दोनदा सांगितलं. श्रिया उंबऱ्याशी बसून माझ्याकडे बघत होती. ही सातवीतली पोरगी. माझ्या 'समजलं का?' ला सगळी शाळा एका सुरात 'होऽ' म्हणते, तेव्हा 'नाही' म्हणणारी ही एकटी. पहिल्यांदा मला तिचा राग यायचा, मग मी तिच्यासाठीच शिकवायला लागलो.

मी हात धुण्याच्या कट्ट्याचं सांगितलं तशी मंगल म्हणाली, "हात धुयाचं व्हय? मग त्येच करा, सर. ह्येंचं एकच हुतं बघा. बाजारातनं येऊ दे न्हाईतर तमाकू खुडून येऊ दे, पयलं हात. तमाकूचा हात कडू जहर असतूय की. आनि ह्या पोरीला तर रोज, 'दाव हात.' तिनं पंजं उलटंपालटं करून दावल्याबिगर ताट मिळायचं न्हाई."

बोलता बोलता तिनं स्वतःचे तळवे तसे उलटेपालटे केले. तंबाखूच्या काळ्या चिकानं माखले होते. मी मान हलवली, आणि मनातल्या मनात फरशा पांढऱ्या घ्याव्यात की निळ्या याचा विचार करू लागलो.

"पैसं टेम्पोचं हाईत," मंगल म्हणाली. "टेम्पो इकला आमी. जेवणाला म्हणून काढून ठेवल्यालं."

पांढऱ्या घेतल्या. कट्टा झाला तो बघण्यासारखा झाला. ओळीनं पितळी नळ, मागं पांढऱ्या फरशा, खाली पन्हळ. नाव घालायला जोतिबा पेंटरला बोलावलं. त्यानं त्या उन्हाळ्यात नुसते श्रद्धांजलीचे फलक रंगवले होते. हातात कुंचला आला की तो आधी 'कै.' लिहायचा, मग नाव विचारायचा. शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'संकल्पना' म्हणून माझं नाव घालायला मी त्याला सांगितलं होतं. म्हणजे त्याला आग्रह केला नव्हता, दोनदा आठवण केली होती. त्यानं लिहिलं, 'संकल्पना : कै. शरद निंबाळकर, मुख्याध्यापक.'

"अरे, मी जिवंत आहे, जोतिबा!"

"व्हय की, सर. सवयीनं गेलं. खरवडतो."

खरवडल्यावर फरशीएवढा डाग पडला आणि त्यात 'कै.' आणखीच उठून दिसू लागलं. विद्युल्लतानं फोटो पाहिला आणि म्हणाली, "राहू द्या. पुढं लागणारच आहे."

पण मुख्य गोष्ट भरमूच्या नावाची आहे. जोतिबा ते नळांच्या बराच वर लिहायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. मुलं हात धुताना वाकतात, वाकल्यावर नजर कुठं जाते? नळाच्या खाली. मग नाव तिथंच हवं, रोज वाचतील, रोज स्मरण होईल. मी खडूनं रेघ मारून दिली. 'कै. भरमू रामू खोत यांच्या स्मरणार्थ', निळ्या अक्षरांत, बरोबर धारा पडतात तिथं. बी.एड.ला मानसशास्त्र शिकलेला माणूस हे सुचवू शकतो, असं मला वाटलं होतं.

शाळा उघडली. तालुक्याचे साहेब आले, फोटो निघाले. फाटकात मी स्वतः बंदूक घेऊन उभा राहिलो. उन्हात चालत आलेल्या पोरांची कपाळं तापलेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी अक्काताईंच्या बंदुकीनं निम्म्या शाळेला ताप सांगितला आणि मला पोरांना सावलीत बसवून पुन्हा मोजावं लागलं. पोरं त्या यंत्राला 'अक्काताई'च म्हणू लागली. "सर, आज अक्काताई काय म्हणत्या?" वगैरे. नियम एकच होता, माझा, आणि कडक: कट्ट्यावर हात धुतल्याशिवाय वर्गात पाऊल नाही. त्याला मी पदरची भर घातली होती ती गुळण्यांची. मिठाच्या कोमट पाण्यानं सगळ्यांनी एका सुरात गुळण्या करायच्या. हे कुठल्या सुत्तोलेत नव्हतं. ते मला मोबाइलवर आलं होतं.

पहिल्या दिवशी श्रिया आली. कट्ट्यापाशी जरा थबकली, नाव वाचलं, फरशीवरून बोट फिरवलं. मला भरून आलं आणि माझ्या योजनेचाही अभिमान वाटला. दोन्ही एकदमच झालं, वेगळं काढता येणार नाही.

पुढच्या दिवशी ती कट्ट्यापर्यंत आली आणि हात न धुता उभी राहिली. पोरांच्या गुळण्या चालल्या होत्या. सहावीतला स्वरूप गुळणी सगळ्यात लांब टाकायचा, त्याची तर तिथं वाहवाच चालली होती. मी म्हणालो, "श्रिया, हात धू आणि आत जा." ती म्हणाली, "न्हाई." मी म्हणालो, "नियम आहे, बाळ." तिनं दप्तर खांद्यावर नीट केलं आणि फाटकाबाहेर निघून गेली. नंतर ती आलीच नाही.

भ्याली, असं मी ठरवलं. बाप कोरोनानं गेलेली पोर, गर्दी बघून भ्यायचीच. तिची भीती घालवायची म्हणजे शाळा आणखी सुरक्षित करायची. मी फवारणी दुप्पट केली. त्या वासानं आमच्या कानडीच्या बाई दोन दिवस रजेवर गेल्या. गुळण्या दिवसातून एकदा होत्या, त्या मी तीनदा केल्या: येताना, जेवणाआधी, जाताना. त्याचं छानपैकी चित्रण करून मंगलच्या फोनवर पाठवलं. खाली लिहिलं, 'श्रियास दाखवावे. आपली शाळा किती सुरक्षित आहे पाहा.' चित्रणात ओळीनं सगळी पोरं कट्ट्यावर चुळा टाकत होती आणि मागून माझा आवाज येत होता, "जोरात! अजून जोरात!"

उत्तर आलं नाही. मग मीच गेलो.

मंगल म्हणाली, "सर, मी काय करू सांगा. पोरगी म्हणती, त्या नळावर हात धुणार न्हाई. का म्हटलं की बोलतच न्हाई. तुमचा तो व्हिडिओ बघितला आनि तवापास्नं जेवली बी न्हाई धड. मी बी किती दिवस घरात बसवून ठेवू? वयात आल्याली पोर, एकटी घरात. वखारीत मुकादम म्हणतोय, आण की संगं, देठ खुडाया बसंल. सोमवारपास्नं न्ह्यावी म्हणत्ये."

वखारीत गेलेल्या पोरी परत शाळेत आलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. आधी 'थोडे दिवस' जातात, मग लग्नाच्या पत्रिकेवरच त्यांची नावं दिसतात. माझ्या शाळेत 'नाही' म्हणणारी एकच होती, आणि ती देठं खुडायला जाणार होती. मी श्रियाला हाक मारली. ती मागच्या दारानं परसात गेली होती.

परतताना बसमध्ये मला सगळा उलगडा झाला. निदान तसं वाटलं. बापाचं नाव! रोज डोळ्यांसमोर बापाचं नाव, तेही 'कै.' लावून. पोरीचं दुःख रोज उकरलं जातंय. किती साधी गोष्ट, आणि माझ्यासारख्या मानसशास्त्र शिकलेल्याला इतक्या उशिरा कळावी! घरी येऊन विद्युल्लताला सांगितलं.

"तिला विचारलंत?"

"लहान मुलं असं सांगत नसतात. ते आपण ओळखायचं असतं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मला लग्नापासून माहीत आहे, आणि तरीही मी जोतिबाला फोन लावला.

शनिवारी जोतिबानं नाव पुसलं. पण एकट्या भरमूचंच पुसलं तर मंगलला वाईट वाटेल, म्हणून मी म्हटलं, सगळीच पुसू या. बाकांवरची, पंपावरची. शाळा मुलांची आहे, गेलेल्यांची नाही, असं एक वाक्यही मला सुचलं आणि ते मी फळ्यावर लिहून ठेवलं. बंदुकीवरची पट्टी मी स्वतः नखानं खरवडली. माझं नावही पुसून घेतलं, पण त्याच्या आधीचं 'कै.' काही केल्या निघेना. भिंतीवर आता तेवढंच राहिलं.

सोमवारी सकाळी माझ्या आधी शामूअण्णा फाटकात हजर.

"मास्तर, माझी आई कुठं हाय?"

"अण्णा, असं आहे की..."

"असं न्हाय आनि तसं न्हाय. जेवान न घालता तुमच्या बंदुकीला पैसं दिलं मी. भावकीनं शेण घातलं तोंडात. तवा म्हणलं, जाऊ दे, पोरं रोज आईचं नाव घेत्यात. आनि तुम्ही तिला खरवडली व्हय? नखानं?"

मी 'शाळा मुलांची आहे' हे वाक्य म्हणून पाहिलं. ते फळ्यावर जास्त बरं दिसत होतं. अण्णांचा आवाज चढत गेला, मागं आणखी दोनचार घरची माणसं येऊन उभी राहिली, अंतर-बिंतर कोणी पाळेना, आणि त्या गर्दीत मला लांबून मंगल येताना दिसली. डोक्याला फडकं, हातात जेवणाचा डबा, ती वखारीला निघाली होती. बरोबर श्रिया होती. तिच्या खांद्याला दप्तर होतं आणि हातात दुसरा डबा.

"सर, मी हिला म्हणलं, सरांनी नाव पुसलंय म्हणं तुझ्यापायी," मंगल म्हणाली. "आता तरी जातीस का बघ. न्हाईतर ही मोटार उभी हाय नाक्यावर, चल माझ्यासंगं."

माझी छाती फुगली. मी शामूअण्णांकडे, आता बघा, अशा नजरेनं पाहिलं आणि बाजूला झालो. श्रिया कट्ट्यापाशी गेली. पांढऱ्या फरशीकडे बघत उभी राहिली. मग तिनं बोटानं फरशी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळा रंग कुठं उरलाय का बघितल्यासारखी. आणि वळली.

"आप्पाला पुसलं?"

"बाळ, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मी म्हणलंतं पुसा?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शामूअण्णासुद्धा गप्प झाले. "टेम्पोवर नाव हुतं आप्पाचं. टेम्पो इकला. फोटो हुतं त्यो मोबाइल त्याच्यासंगंच गेला दवाखान्यात. ह्या एका जागंला नाव हुतं. आनि हितं तुम्ही सगळ्यांस्नी थुकाया लावताय! रोज! जोरात म्हणताय, अजून जोरात! आप्पाच्या तोंडावर चुळा टाकत्यात सगळी, आनि मी तितंच हात धू व्हय?"

स्वरूप गुळणी तोंडात धरून उभा होता, त्यानं ती गिळली.

"मग तू सांगायचं होतंस ना," असं माझ्या ओठांवर आलं होतं. देवाची कृपा, की मास्क होता आणि मी ते आतच ठेवलं. कारण मी तिला विचारलंच नव्हतं. रेघ मी मारली, गुळण्या मी लावल्या, त्या तीनदा मी केल्या, चित्रण करून तिलाच पाठवलं, आणि शेवटी नाव पुसून तिच्यावर उपकार केले. एवढं सगळं केलं, आणि 'का गं?' एवढं काही तोंडातून निघालं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की कुठं बघावं कळेना. म्हणून मी भिंतीकडे बघितलं, तर तिथं 'कै.' होतं.

"समजलं," मी म्हणालो. जन्मभर हा शब्द मी दुसऱ्यांकडून वदवून घेतला होता.

नाक्यावर वखारीच्या मोटारीनं हॉर्न दिला. मंगलनं तिकडं पाहिलं, मग पोरीकडे.

"कुठं लिहायचं?" मी विचारलं. "तू सांग. तू म्हणशील तिथं."

तिनं नळांच्या वर बोट केलं, पाणी उडणार नाही इतक्या वर. बरोबर तिथं, जिथं जोतिबा पहिल्यांदा लिहायला निघाला होता.

"टेम्पोवर हुतं तसं," ती म्हणाली.

जोतिबा त्या गर्दीतच होता. शामूअण्णांनी त्याला आईचं नाव पुन्हा घालायला घरातून उठवून आणलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे? टेम्पो मीच रंगवल्याला की. पिवळी अक्षरं, खाली तांबडी सावली, दोन्ही अंगाला फुलं." त्यानं रंगाचा डबा उघडला, स्टुलावर चढला आणि सवयीप्रमाणं कुंचला टेकून 'क' ची उभी रेघ ओढली.

"टेम्पोवर 'कै.' न्हवतं," श्रिया म्हणाली.

जोतिबाचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शामूअण्णांकडे पाहिलं, का कोण जाणे. शामूअण्णांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि मान हलवली. जोतिबानं फडक्यानं ती रेघ पुसली आणि लिहायला लागला. 'भरमू रामू खोत.' 'यांच्या' नाही, 'स्मरणार्थ' नाही. शेवटी दोन्हीकडे फुलं काढली. ती जरा फुगीर झाली, पण ती टेम्पोवरही तशीच होती, असं मंगल म्हणाली. मोटारीचा हॉर्न पुन्हा वाजला, आणि मग मोटार निघून गेली. मंगलचा त्या दिवसाचा रोजगार गेला आणि तिनं वळूनही पाहिलं नाही.

रंग ओला होता. श्रियानं डबा आईच्या हातात दिला, कट्ट्यापाशी गेली, नळ सोडला आणि साबण लावून हात धुतले. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. मग नळ बंद करून तिनं दोन्ही तळवे वर धरले, त्या पिवळ्या अक्षरांसमोर. एकदा उलटे केले, एकदा सुलटे. थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग वर्गात गेली.

मी बंदूक हातात घेऊन उभा होतो. तिचा ताप बघायचा राहून गेला.